म्हातारचळ म्हणजे नेमकं काय?

मंडळी, एक शंका आहे. परवा आत्या म्हणाली, "वहिनीला म्हातारचळ लागलाय, दुसरं काही नाही." आई 71 ची. पुऱ्या तळत होती आणि मला म्हणते, ते भोकाभोकाचं दे गं, तळायचं. झारा हवा होता तिला. पन्नास वर्षं हातात धरलाय तो, पण शब्दच येईना. आता आमच्याकडे म्हातारचळ म्हणजे सत्तरीत केस काळे करून बायकांशी चावटपणा करणारे काका. याला पण तोच शब्द का?

— चळ म्हणजे ढळणं, जागेवरून सरकणं. मन चळलं म्हणतो ना, तेच. त्यामुळे दोन्हीला लावतात, पण शब्दात टोमणा आहे हो. 'साठी बुद्धी नाठी' मधलं नाठी पण नष्ट वरूनच आलंय, म्हणजे साठी झाली की हे व्हायचंच असं आपण आधीच ठरवून टाकलं, मग डॉक्टरकडे कोण नेणार!

— गंमत म्हणजे तुमचे ते काका पण आजारी असू शकतात. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात, म्हणजे मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागाच्या आजारात, आधी वागणं बदलतं, लाज जाते, पैसे उधळतात, आठवण तेव्हा बरी असते, आणि बऱ्याच जणांना हा 45 ते 65 मध्येच गाठतो. म्हणून मला डिमेन्शियासाठी स्मृतिभ्रंश हा शब्द पण अपुरा वाटतो, त्यात फक्त स्मृतीच आली. (गीतेतला स्मृतिभ्रंश वेगळा, तो रागातून येतो.)

— आणि विसरभोळा?

— विसरभोळ्याला आठवण करून दिली की "अरे हो की" म्हणतो. डिमेन्शियात बऱ्याचदा "असं झालंच नाही" म्हणून भांडण. नेहमीची आमटी करताना क्रम चुकणं, सुट्ट्या पैशांचा हिशोब न लागणं, रोजच्या गल्लीत वाट चुकणं, हे बघा. पण दोनचार दिवसात एकदम गोंधळ उडाला असेल तर लघवीचं इन्फेक्शन वगैरे असू शकतं, थांबू नका. बी-12 आणि थायरॉईड पण तपासून घ्या, त्याने झालं असेल तर सुधारू शकतं.

— थँक्यू सगळ्यांना. गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीय. फॉर्मवर 'तक्रार' असा रकाना आहे, तिथे म्हातारचळ तर नाहीच, "झारा म्हणता येत नाही" असंच लिहिते.