खुर्चीतून सारखे पुढे घसरणाऱ्या सासऱ्यांना उपरण्याने बांधावे का?

गुहागरची सून (प्रश्न)

नमस्कार. माझे सासरे ७३ वर्षांचे आहेत. चार महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि डावा हात व डावा पाय लुळा पडला. बोलणे बऱ्यापैकी परत आले आहे, समज पूर्ण आहे, उजवी बाजू मजबूत आहे. रुग्णालयातून घरी आणताना आम्ही जवळच्या दुकानातून घडी होणारी साधी चाकाची खुर्ची घेतली. दुकानदाराने "सगळ्यांना हीच चालते" असे सांगितले आणि आम्हीही अधिक विचारले नाही.

अडचण अशी आहे की बसवल्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांतच ते पुढे घसरतात, पाठ गोल होते, अंग डावीकडे कलते आणि शेवटी दोघांनी मिळून त्यांना काखेत धरून वर ओढावे लागते. परवा तर ते जवळजवळ खाली आले. तेव्हापासून दुपारी घरात मी एकटी असताना त्यांचे उपरणे छातीवरून घेऊन खुर्चीच्या पाठीला बांधते. त्यांना ते मुळीच आवडत नाही. ते काही बोलत नाहीत, पण तोंड फिरवून बसतात. खुर्चीचे ब्रेकही नीट लागत नाहीत; ओढले तरी चाक सरकते. घर जुने कोकणी आहे, खोलीखोलीला उंबरठा आहे आणि ओटीवरून अंगणात उतरायला दोन पायऱ्या आहेत.

बांधण्यासाठी उपरण्याऐवजी चांगला पट्टा मिळतो का, आणि तो कोणता घ्यावा, हे कृपया सांगावे.

व्यवसायोपचार, पुणे

ताई, मी व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) आहे. छातीवरचे उपरणे आजच सोडा, ही पहिली विनंती. माणूस पुढे घसरू लागला की छातीवरचा बंध आहे तिथेच राहतो आणि शरीर त्याच्या खालून निघत जाते. मग तो बंध काखेत आणि तिथून गळ्याशी येतो. लुळ्या हाताच्या माणसाला तो स्वतःचा स्वतः सोडवता येत नाही. सुरक्षिततेसाठी वापरायचा पट्टा कमरेच्याही खाली, मांड्या आणि धड जिथे मिळतात त्या घडीत, बैठकीशी साधारण ४५ ते ६० अंशांचा कोन करून येतो, आणि त्याचे बक्कल त्यांना उजव्या हाताने उघडता आले पाहिजे. पण पट्ट्याचा विचार शेवटी करावा. आपल्या वर्णनावरून माझे मत असे झाले आहे की त्यांना बांधण्याची गरज नाही, खुर्ची बदलण्याची किंवा जुळवण्याची आहे.

बसलेला माणूस पुढे का घसरतो, याची बहुतेक कारणे मोजपट्टीने सापडतात. त्यांना लाकडी बाकावर ताठ बसवा आणि चार मापे घ्या: कुल्ल्यांची सर्वांत जास्त रुंदी, कुल्ल्यांच्या मागच्या कडेपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंतचे अंतर, त्या खळगीपासून चपलेसह टाचेच्या तळापर्यंतचे अंतर, आणि कोपर काटकोनात वाकवून बाकापासून कोपरापर्यंतची उंची. मग खुर्चीच्या बैठकीची रुंदी, खोली, जमिनीपासूनची उंची आणि पायपट्टीची उंची मोजा. दोन्ही याद्या इथे लिहा, पुढचे आपण एकेक करून पाहू.

तोपर्यंत दोन गोष्टी सांभाळा. वर ओढताना लुळ्या बाजूच्या काखेत हात घालू नका आणि तो हात धरून तर कधीही ओढू नका, कारण पक्षाघातानंतर खांद्याचा सांधा स्नायूंच्या आधाराविना लोंबत असतो आणि अशा ओढण्याने तो निसटतो. दुसरे म्हणजे डावा हात मांडीवर उशीवर ठेवा. तो बाजूला पडून चाकाच्या आऱ्यांत गेला तर त्यांना ते कळणारही नाही.

गुहागरची सून

उपरणे सोडले. मामंजींनी स्वतःच त्याची घडी करून खुंटीला लावायला सांगितले!

मापे सेंटीमीटरमध्ये देत आहे. कुल्ल्यांची रुंदी ३६, मांडीची लांबी ४३, पोटरीची लांबी चपलेसह ४१, कोपराची उंची २२. खुर्चीची बैठक ४६ रुंद आणि ४१ खोल आहे, जमिनीपासून ५० उंच आहे आणि पायपट्टी जमिनीपासून ६ सेंटीमीटरवर आहे. बैठकीचे रेक्झिन मध्यभागी झोळीसारखे खाली गेले आहे. गादी म्हणून आम्ही मधे भोक असलेली गोल रबरी उशी वापरतो.

व्यवसायोपचार, पुणे

आता सगळे स्पष्ट झाले. बैठक आणि पायपट्टी यांच्यात ४४ सेंटीमीटर अंतर आहे आणि पोटरी ४१ ची आहे. शिवाय खाली गोल उशी आहे, म्हणजे पाय पट्टीवर टेकतच नसणार. लोंबकळणारे पाय आधार शोधतात आणि सबंध माणसाला पुढे ओढून नेतात. तुम्हाला दिसणाऱ्या घसरण्याचे हे निम्मे कारण आहे.

उरलेले निम्मे बैठकीच्या खोलीत आहे. गुडघ्याची खळगी आणि बैठकीची पुढची कड यांच्यात दोन-तीन बोटांची, म्हणजे साधारण ५ सेंटीमीटरची जागा सुटली पाहिजे. मांडी ४३ ची, म्हणून बैठक ३८ ची हवी. ती ४१ आहे. कड पोटरीला टोचू लागली की माणूस नकळत कंबर पुढे घेतो, पाठ आणि टेकू यांच्यात पोकळी पडते आणि घसरणे सुरू होते. रुंदीचा हिशेबही चुकला आहे. कुल्ल्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक पंजा उभा सरकेल एवढीच मोकळीक पुरते. इथे एकूण १० सेंटीमीटर जागा रिकामी आहे, त्यात झोळी झालेली बैठक, मग ते लुळ्या बाजूकडे कलणारच.

करण्यासारखे असे. १२ मिलिमीटरच्या प्लायवूडची फळी बैठकीवर बसेल अशी कापून घ्या, ती सरकू नये म्हणून खालून दोन पट्ट्या ठोका, आणि वर किमान ५ सेंटीमीटर जाडीचा घट्ट फोम ठेवा. त्यांच्या पाठीमागे, कमरेपासून वरपर्यंत, ३ सेंटीमीटर जाडीचा कडक फोम लावा, म्हणजे खोली ३८ वर येईल. कुल्ल्यांच्या दोन्ही बाजूंना घट्ट गुंडाळलेले टॉवेल किंवा फोमचे ठोकळे भरा. फक्त डावीकडे भरलेत तर ते उजवीकडे ढकलले जातील. शेवटी पायपट्टी. फळीसकट फोम दबून सुमारे ३ सेंटीमीटर उरेल असे धरले तर बसण्याची उंची ५३ होते, त्यातून ४१ वजा करता पायपट्टी जमिनीपासून १२ सेंटीमीटरवर हवी. नळीच्या खालचा बोल्ट पान्ह्याने सैल करून आतली दांडी वर सरकवली की हे होते. मांडी फोमवर पूर्ण टेकली पाहिजे. पट्टी त्याहून वर नेलीत तर गुडघे उचलले जातील आणि सगळा भार बसण्याच्या हाडांवर येईल.

हाताचा टेकूही पाहा. गादी धरून कोपराच्या उंचीपेक्षा तो जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटर वर असावा.

दोन चाके, एक माणूस

मी मणक्याच्या दुखापतीनंतर १९ वर्षे चाकाच्या खुर्चीवर आहे, त्यामुळे उपचारतज्ज्ञांच्या सांगण्यात वापरणाऱ्याचे चार शब्द जोडतो.

ती भोकाची उशी कृपया फेकून द्या. मधला भाग अधांतरी ठेवून ती भोवतालच्या कातडीला ताण देते आणि तिथला रक्तपुरवठा रोखते. बेडसोअर टाळण्यासाठी आणलेली वस्तूच बेडसोअर देते. नवा फोम पुरेसा आहे की नाही, हे कळायला यंत्र लागत नाही. ते बसलेले असताना आपला हात, तळवा वर करून, फोम आणि त्यांचे बसण्याचे हाड यांच्यामध्ये सरकवा. बोटांची टोके ५ मिलिमीटरभर वरखाली हलवता आली तर ठीक आहे. हलत नाहीत पण हात सहज बाहेर निघतो, तर सावध राहा. बोटे चिमटली गेली आणि हात ओढून काढावा लागला, तर तो फोम निरुपयोगी समजा. ही तपासणी दोन्ही बाजूंना करा आणि दर महिन्याला करा, कारण फोम मरतो, फक्त तो हळूहळू मरत असल्याने कोणाच्या लक्षात येत नाही.

कितीही चांगली गादी असली तरी दर पंधरा ते तीस मिनिटांनी भार हलवावा लागतो. मला पूर्वी दोन्ही हातांनी अंग उचलायला शिकवले होते आणि त्यात माझे खांदे गेले. आता मी टेबलावर कोपरे टेकून पुढे वाकतो आणि दोन मिनिटे तसाच राहतो. आपल्या सासऱ्यांनाही समोर भक्कम टेबल देऊन, आपण डाव्या बाजूला उभे राहून, हे करता येईल. रात्री झोपवताना माकडहाड, बसण्याची हाडे आणि टाचा पाहाव्यात. दाबल्यावरही पांढरा न पडणारा लाल डाग दिसला, तर तो भाग बरा होईपर्यंत त्यावर भार पूर्णपणे बंद.

आता ब्रेक. टायर हवेचे असतील तर आधी हवा पाहा, कारण ब्रेकची दांडी टायरच्या पृष्ठभागावर दाबून बसते आणि हवा कमी झाली की ती नुसती टेकते, दाबत नाही. किती हवा भरायची ते टायरच्या कडेवर लिहिलेले असते. टायर भरीव रबराचे असतील तर ब्रेकचा पट्टा चौकटीवर जिथे बोल्टने आवळलेला असतो तिथे सैल करून चाकाच्या दिशेने थोडा सरकवा आणि पुन्हा आवळा. माणूस बसवून, ब्रेक लावून, मागून जोर लावावा. खुर्ची हलता कामा नये. डावा ब्रेक त्यांच्या उजव्या हाताला पोहोचत नसेल तर दांडीवर पाइपाचा तुकडा घट्ट बसवून ती लांब करता येते. मात्र हे ब्रेक खुर्ची उभी ठेवण्यासाठी आहेत. चालत्या खुर्चीचा वेग कमी करायला ते लावले तर खुर्ची जागच्या जागी अडते आणि माणूस पुढे जातो.

खुर्चीतून उतरवताना आणि खुर्चीत बसवताना दोन्ही ब्रेक लावलेले, पायपट्ट्या वर मुडपलेल्या, आणि पुढची छोटी चाके पुढच्या दिशेला वळलेली असावीत. खुर्ची थोडी मागे घेतली की ती चाके आपोआप पुढे वळतात आणि खुर्चीचा पाया लांबतो. मुडपायची राहून गेलेली पायपट्टी ही माझ्या पाहण्यातल्या बहुतेक पडझडींची सुरुवात आहे: माणूस तिच्यावर पाय देऊन उठतो आणि खुर्ची पुढच्या बाजूला कोलमडते.

नगरचा एकटा

विषय थोडा वेगळा आहे, पण कोणाच्या तरी उपयोगी पडेल. मधुमेहामुळे माझे दोन्ही पाय गुडघ्याच्या वर कापावे लागले. त्याच जुन्या खुर्चीत पहिल्यांदा बसून दाराच्या छोट्याशा चढावर गेलो आणि सरळ पाठीवर आपटलो. पायांचे वजन गेले की तोल मागे सरकतो, म्हणून मागच्या चाकांचा आस पाठीच्या रेषेपासून मागे न्यावा लागतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. आस पुढे घेतला की खुर्ची ढकलायला हलकी होते आणि मागे पटकन उलटते. मागे नेला की जड होते आणि स्थिर राहते. पाठीमागे उलटू न देणारी छोटी चाकेही मिळतात. मी ती दोन्ही बाजूंना बसवून घेतली.

गुहागरची सून

सर्वांचे आभार. बारा दिवसांनी लिहीत आहे. सुताराने फळी कापून दिली, फोम रत्नागिरीहून आणला, पायपट्टी १२ वर घेतली. घसरणे संपलेले नाही, पण वीस मिनिटांऐवजी आता सकाळच्या बैठकीत एकदाच सावरावे लागते. ब्रेक पक्के लागतात. बोटांच्या तपासणीत दोन्ही बाजूंना बोटे हलतात.

दोन प्रश्न उरले. मामंजींना उजव्या पायाने जमिनीला रेटा देत स्वतः खुर्ची चालवायची आहे, पण पाय पोहोचत नाही. दुसरे म्हणजे गवंडी ओटीपासून अंगणात सहा फुटांचा उतार करू म्हणतो. ओटीची उंची ३६ सेंटीमीटर आहे आणि समोर तुळशीवृंदावनापर्यंत दहा फूट जागा आहे. उंबरठे काढायला सासूबाई तयार नाहीत.

व्यवसायोपचार, पुणे

मामंजींचा आग्रह अगदी योग्य आहे. एक हात आणि एक पाय यांनी खुर्ची चालवणे पक्षाघातानंतर पुष्कळांना जमते. अट एवढीच की गादी दबल्यानंतरची बसण्याची उंची पोटरीच्या लांबीएवढी किंवा किंचित कमी असावी, म्हणजे टाच पूर्ण टेकते. त्यांच्यासाठी ती ४१ हवी. चौकटीवर मागच्या चाकाच्या आसाजवळ एकावर एक भोके असतील तर आस वरच्या भोकात घेऊन बैठक खाली आणता येते, आणि तेवढेच अंतर पुढच्या छोट्या चाकांच्या काट्यातही बदलावे लागते. एकच बाजू बदलली तर बैठक कलते आणि छोटी चाके थरथरू लागतात. परंतु ५३ वरून ४१ वर येणे या खुर्चीत शक्य दिसत नाही. यासाठी कमी उंचीच्या चौकटीची, ३८ ते ४० सेंटीमीटर रुंदीची वेगळी खुर्चीच घ्यावी लागेल, आणि ती दुकानातून उचलून न आणता मापे घेऊन बसवून घ्यावी. मुंबईला जाणे होत असेल तर हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत दाखवा. तिथे जाताना आपण इथे लिहिलेली मापे आणि हीच खुर्ची सोबत न्या.

दोन चाके, एक माणूस

गवंड्याला थांबवा. ३६ सेंटीमीटर उंची सहा फुटांत उतरवली तर पाचास एक असा उतार होतो. ती घसरगुंडी आहे. तुम्ही एकट्या त्यांना तिथून वर नेऊ शकणार नाही. सार्वजनिक इमारतींसाठी बारास एक हे प्रमाण धरतात, म्हणजे ३६ ला ४३२ सेंटीमीटर, जवळजवळ सव्वाचौदा फूट. समोर दहाच फूट असतील तर उतार ओटीच्या भिंतीला समांतर काढा. वर, खुर्ची वळवायला आणि थांबवायला, ओटीच्याच पातळीवर दीड मीटर लांब-रुंद सपाट जागा ठेवा आणि खालीही तेवढीच. मोकळ्या कडेला काही इंच उंच बांध घाला, नाहीतर छोटे चाक कडेवरून निसटते. पृष्ठभाग खडबडीत आडव्या रेघांचा करून घ्या आणि पावसाळ्यात दर आठवड्याला घासा. जांभ्यावर आणि सिमेंटवर शेवाळ किती झपाट्याने धरते हे तुम्हाला सांगायला नको. नेताना चढताना तोंड पुढे, उतरताना तुम्ही मागे सरकत आणि खुर्ची तुमच्याकडे पाठ करून. त्याआधी दोन्ही मुठींवरचे रबर ओढून पाहा, कारण सैल झालेले रबर ऐन उतारावर हातात येते.

उंबरठे राहू द्या. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी बसवल्या की काम होते: उंबरठा ४ सेंटीमीटरचा असेल तर पाचर ४८ सेंटीमीटर लांब. ती सरकणार नाही अशी घट्ट बसवा, पण कायमची ठोकू नका, म्हणजे सणाला हळदकुंकू वाहायच्या वेळी सासूबाईंना ती काढूनही ठेवता येईल.