मागितली तरच गोळी?

'म्हाताऱ्यांनी मागितली तरच दुखण्याची गोळी द्यावी' असं म्हणतात, ते मला पटलं नाही. स्मृतिभ्रंश झालेली आजी मागणारच नाही. तिच्यासाठी 'पेनॅड' (PAINAD) ही नुसतं बघून दुखणं मोजायची मोजपट्टी आहे: श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची हालचाल आणि समजावल्यावर शांत होणं, प्रत्येकाला 0 ते 2, एकूण 10. मात्र हे कूस बदलताना, अंघोळ घालताना बघायचं; निजलेल्या माणसाचा आकडा फसवा येतो. बोलणाऱ्यांनाही नुसतं 'दुखतंय का' विचारलं की 'नाही रे बाबा' हेच ऐकू येतं. ठणकतंय का, कळ लागते का, चमक निघते का, असं विचारा.

गुडघेदुखी रोजचीच असेल तर पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून ठरल्या वेळी द्यावं, त्यातली एक वेळ अंघोळीआधी अर्धा-पाऊण तास. सर्दीच्या गोळीतही बहुधा तेच असतं, ती बेरजेत धरा. डायक्लोफिनॅक ही दुखण्याची दुसरी गोळी मात्र जपून. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात म्हातारी माणसं पाणी कमी पितात, त्यात बीपीची आणि लघवीची गोळी चालू असली आणि वर हीही दिली की मूत्रपिंडावर घाला येतो. ट्रॅमाडॉल हे दुखण्याचं जास्त जोरकस औषध सुरू केलं तर त्यानं बद्धकोष्ठता होते, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच मागून घ्या.