नवीन म्हणून लावलेली एसएसडी वापरलेली निघाली. दुकानदाराशी भांडावं की सोडून द्यावं?

शाईची दौत
लॅपटॉप फारच रखडायला लागला म्हणून जवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून एसएसडी, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क, बसवून घेतली. वेग आला, खूश होते. मग भाच्याने सहज क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर चालवून पाहिलं तर 'पॉवर ऑन अवर्स', म्हणजे डिस्क चालू राहिल्याचे तास, ६,००० च्या वर! लॅपटॉप दिवसरात्र चालू ठेवला तरी एवढे तास भरायला २५० दिवस लागतील, आणि ही बसवून महिनाही झालेला नाही.

दुकानात गेले. मालकांनी मोबाईलमधून मान वर न करताच सांगितलं, "ही फुकटची सॉफ्टवेअरं काहीही दाखवतात." स्क्रीनशॉट पुढे धरला तर बघितलाही नाही. "चालतेय ना? मग झालं तर." आणि वर, "ठेवून जा, पोराला बघायला सांगतो." काय बघणार, कधी देणार, पत्ता नाही. मी लॅपटॉप ठेवला नाही. बिलावर 'एसएसडी ५१२ जीबी, नवीन, १ नग' एवढंच आहे.

मला डिस्कपेक्षा त्या बोलण्याचा राग जास्त आलाय. माझ्या मते दुकानाचं नाव घेऊन रिव्ह्यू ठोकावा आणि मोकळं व्हावं. घरच्यांचं म्हणणं, उद्या अडलं तर तिथेच जायचंय, कशाला वाकडं घ्या. तुम्हाला काय वाटतं?

फटकळ
ठोका. वाकडं त्याने घेतलंय, तुम्ही नाही.

काउंटरपलीकडचा
मी असंच एक दुकान चालवतो, त्यामुळे शिव्या खायच्या तयारीने लिहितो.

मालकांचं बोलणं वाईटच, त्यावर वाद नाही. पण नुसत्या तासांच्या आकड्यावरून चोर ठरवू नका. साटा ह्या जुन्या प्रकारच्या जोडणीच्या डिस्कमध्ये ही नोंद प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठेवते. काही जुन्या डिस्क तासांऐवजी मिनिटं मोजायच्या आणि सॉफ्टवेअर तेच तास म्हणून दाखवायचं. त्यामुळे आधी सांगा, साटा आहे की एनव्हीएमई, म्हणजे नवीन, जास्त वेगवान प्रकारची? 'टोटल होस्ट राइट्स', म्हणजे डिस्कवर आजवर लिहिलेला एकूण डेटा, किती?

दुसरं, माल वरून येतो. २०२५ च्या सुरुवातीला सीगेटच्या वापरलेल्या हार्ड डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं युरोपात उघडकीला आलं. स्मार्टमधले, म्हणजे डिस्क स्वतःच्या वापराची जी नोंद ठेवते त्यातले, तास पुसून शून्यावर आणले होते, खरे तास सापडले ते सीगेटच्याच 'फार्म' नावाच्या आतल्या नोंदीत. विकणाऱ्यांत चांगले चालणारे विक्रेतेही होते. दुकानदार स्वतःच फसलेला असू शकतो. रिव्ह्यू टाकलात की तो हट्टाला पेटणार, मग बदलून मिळायची होती तीही मिळणार नाही.

बिनतारी
फसला असेल तर स्क्रीनशॉट बघायला काय होतं? ज्याला वरच्याने फसवलं तो आकडा बघून आधी दचकेल. "सॉफ्टवेअर काहीही दाखवतं" हे उत्तर तोंडपाठ असतं त्याला हा प्रश्न पहिल्यांदा आलेला नसतो.

आणि तुमच्याच उदाहरणातल्यांनी निदान तास पुसायची तसदी तरी घेतली होती. इथे तेवढीही नाही.

शाईची दौत
@काउंटरपलीकडचा, एनव्हीएमई आहे. टोटल होस्ट राइट्स १८ टीबी दाखवतंय. माझं काम म्हणजे टायपिंग, मेल आणि अधूनमधून एखादा सिनेमा.

काउंटरपलीकडचा
मग माझा पहिला मुद्दा मागे. एनव्हीएमईत ही नोंद ठरलेल्या नमुन्यात असते, तास म्हणजे तासच. आणि सिनेमा बघण्यात डिस्कवर लिहिलं जातं ते नगण्य, १८ टीबी एका महिन्यात होत नाही. डिस्क वापरलेली आहे.

रिव्ह्यूबद्दल मात्र मत तेच. आमच्याकडेही दिवसभर कोण येतं ते बघा. "काही नाही हो, जरा स्लो आहे" म्हणून लॅपटॉप ठेवतात, आत कॉफी सांडलेली असते. रॅम दुसरीकडून आणतात, बसवून फुकट मागतात, आणि पुढे स्पीकर बिघडला तरी "तुम्ही उघडला होता ना" म्हणत येतात. मधूनच बंद पडणाऱ्या मशीनचा दोष शोधायला मेमरीची टेस्ट रात्रभर लावावी लागते. त्याचे पैसे सांगितले की आम्ही लुटारू.

फटकळ
कॉफी ह्यांनी सांडली का? मग त्यांना का ऐकवताय?

सांगोवांगी
रिव्ह्यूच्या बाजूने मीही नाही, पण कारण वेगळं. रिव्ह्यू हा हातातला एकमेव धाक आहे, तो आधीच वापरून टाकला की बोलणी करायला उरतं काय? आधी लेखी मागणी करा. व्हॉट्सॲप चालेल: बिलाचा फोटो, डिस्कवरच्या लेबलचा फोटो, स्क्रीनशॉट आणि एकच वाक्य, 'बदलून द्या किंवा पैसे परत करा, अमुक तारखेपर्यंत'. काउंटरवर माणूस चार लोकांसमोर माघार घेत नाही, मेसेजवर घेतो.

खरी अडचण बिलावर सिरियल नंबर नसण्याची आहे. उद्या तो म्हणेल, ही आमची डिस्कच नव्हे.

बिनतारी
त्या सिरियल नंबरवरूनच आणखी एक कळेल. कंपनीच्या साइटवर वॉरंटी तपासायची सोय असते, तिथे टाकून बघा. आणि जुनी हार्ड डिस्क परत घेतलीत ना? लोक ती दुकानातच विसरतात, आणि सगळे फोटो, कागदपत्रं त्यात.

शाईची दौत
जुनी डिस्क मागून घेतली होती, कपाटात आहे.

सिरियल नंबर टाकून पाहिला. साइट म्हणते, ही डिस्क कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीला पुरवलेली आहे, वॉरंटीसाठी त्यांच्याशी संपर्क करा. म्हणजे काय?

काउंटरपलीकडचा
म्हणजे ती कुठल्या तरी तयार लॅपटॉपमधून काढलेली आहे. धंद्यात ह्याला 'पुल्ड' माल म्हणतात. अशी डिस्क सुटी विकली की डिस्कच्या कंपनीकडून गिऱ्हाईकाला वॉरंटी नाही. पुल्ड माल पुल्ड म्हणून सांगून, कमी भावात विकला तर त्यात गैर काही नाही, मीही विकतो. पण ही खोक्यातून येत नाही, हातात घेताच दुकानदाराला कळतं. बिलावर 'नवीन' लिहिलंय तिथे तो अडकला. आता त्याची बाजू मी घेणार नाही.

फटकळ
चला, एक तरी दुकानदार वळला.

काउंटरपलीकडचा
वळलो डिस्कबाबतीत. रिव्ह्यू अजूनही शेवटी.

बिनतारी
आणि तोवर त्याच्याकडे जाणाऱ्या बाकीच्यांनी काय करायचं? तुमचा 'शेवटी' येईपर्यंत तो आणखी दहाजणांना 'नवीन' डिस्क लावेल. नुकसान भरून घेणं ही त्यांची गरज, पण गिऱ्हाइकांना सावध करणंही काही कमी गरजेचं नाही. शिव्या न घालता नुसते आकडे लिहा: बसवल्याची तारीख, तास, राइट्स. ह्यात चिघळण्यासारखं काय आहे?

सांगोवांगी
आधी पैसे परत येऊ देत, मग लिहा ना. तेच आकडे तेव्हाही खरेच असतील.

बिनतारी
पैसे परत मिळाल्यावर कोणी लिहीत नाही. मी तरी बघितलेलं नाही.

शाईची दौत
मेसेज पाठवते, शनिवारपर्यंतची मुदत देऊन. तोवर रिव्ह्यू नाही. डिस्क परत करायची वेळ आली तर माझा डेटा पुसूनच द्यावी लागेल, पण पुसल्यावर ते तासही जातील का? मग पुरावा काय उरला?

काउंटरपलीकडचा
नाही जात. 'सिक्युअर इरेज' केलं तरी डेटा जातो, तासांची नोंद तशीच राहते. तरी स्क्रीनशॉटमध्ये सिरियल नंबर दिसतोय ना ते बघून घ्या. आणि दुकानात डिस्क न्या, लॅपटॉप नाही. पावती हातात पडल्याशिवाय तीही सोडू नका.