स्टीव्हन्स ४४ ची जुनी अ‍ॅक्शन: कशी उभी करावी?

ओहायोकर: इथल्या गन शोमध्ये स्टीव्हन्स ४४ या जुन्या अमेरिकन एकबारी रायफलची नुसती अ‍ॅक्शन (गोळी डागणारी मधली यंत्रणा) मिळाली, बॅरल नाही, दस्ता नाही. लिव्हर बंद केला तरी ब्लॉक (बॅरलचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा) बोटाने हलतो. बाहेरून सगळी तपकिरी, पण दस्त्याखाली दडलेल्या भागावर केस-हार्डनिंगचे (लोखंडाचा पृष्ठभाग कडक करण्याच्या प्रक्रियेचे) निळे-करडे ढग अजून ताजे आहेत. ते बघून जीव अडकलाय. .३२-२० ची (मधोमध घाव बसणाऱ्या सेंटरफायर काडतुसाची) बॅरल बसवावी का? आणि रंग पुन्हा चढवावा का?

लोहारकाका: आधी ब्लॉकचं तोंड बघ. फायरिंग पिनचं भोक मधोमध आहे की वरच्या कडेला?

ओहायोकर: वरच्या कडेला, काका.

लोहारकाका: म्हणजे रिमफायर, काडतुसाच्या कडेवर घाव बसणारी. मग .२२ च कर. ४४ चा ब्लॉक स्क्रूवर झुलतो, सगळा भार स्क्रू, पिन आणि लिंकवर येतो. जास्त दाब सोसायला कंपनीने १९०३ मध्ये ४४½ काढली. तिचा ब्लॉक खाचेत सरळ वर-खाली सरकतो. तुझी ती नव्हे. बॅरलच्या आधी पिना-स्क्रूची भोकं रीमरने गोल करून घे, किंचित जाड पिना आणि स्क्रू बसव. ब्लॉक घट्ट झाल्याशिवाय चेंबर (बॅरलमधली काडतूस बसायची जागा) कापायचा नाही! हेडस्पेस (काडतूस आणि ब्लॉक यांतली मोकळीक) जाणकार गनस्मिथकडूनच तपासून घे.

जुनंतेसोनं: दादा, बफिंग व्हीलला हातसुद्धा लावू नका. कडा गोल होतात, अक्षरं पुसट होतात, ती परत येत नाहीत. पुन्हा हार्डनिंग करताना रिसीव्हर (अ‍ॅक्शनची चौकट) वाकायचीही भीती. तेल आणि बारीक स्टील वूल, बस्स.

ओहायोकर: ठरलं. .२२, नव्या पिना, रंग आहे तसाच.