हृदयपेशीत स्वतःचा साठा असताना बाहेरचे कॅल्शियम कशाला लागते?

प्रश्न – एमबीबीएस प्रथम वर्ष, पुणे

गेल्या आठवड्यात शरीरक्रियाशास्त्राच्या प्रात्यक्षिकात सरांनी बेडकाच्या हृदयाचा एक जुना आलेख दाखवला. कॅल्शियमविरहित द्रावण दिल्यावर ठोक्यांची उंची कमी होत होत रेघ सपाट झाली होती आणि कॅल्शियमसह क्षार असलेले रिंगर द्रावण पुन्हा सोडताच ठोके परतले होते. पायाचा स्नायू मात्र कॅल्शियम नसलेल्या द्रावणातही बराच वेळ आकुंचन पावतो. सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलमचा, म्हणजे पेशीतील कॅल्शियम साठवणाऱ्या जाळीचा, साठा दोन्हीकडे असताना हृदयाचेच बाहेरच्या कॅल्शियमवाचून का अडते?

उत्तर १ – निवृत्त प्राध्यापक, सदाशिव पेठ

साठा दोन्हीकडे असला, तरी तो उघडण्याची रीत वेगळी आहे. पायाच्या स्नायूत टी-नलिकेतील (पेशीच्या आवरणापासून आत गेलेल्या नळीतील) विद्युत्संवेदी प्रथिन साठ्यावरच्या रायनोडीन रिसेप्टरला, म्हणजे साठ्याच्या दाराला, थेट भिडलेले असते. विद्युत्संदेश येताच ते हलते आणि दार उघडते. हृदयपेशीत अशी जोडणी नाही. तेथे पेशीच्या आवरणातील एल-प्रकारच्या कॅल्शियम वाहिनीतून थोडेसे कॅल्शियम आत यावे लागते, सुमारे १५ नॅनोमीटरची फट ओलांडून त्याला रिसेप्टर गाठावा लागतो, आणि मगच साठ्यातील कितीतरी अधिक कॅल्शियम बाहेर पडून आकुंचन सुरू करणाऱ्या ट्रोपोनिन या प्रथिनाला जाऊन मिळते. सिडनी रिंगर यांनी १८८३ मध्ये नळाच्या पाण्याऐवजी ऊर्ध्वपातित पाणी वापरले, तेव्हा बेडकाचे हृदय थांबले. नळाच्या पाण्यातले कॅल्शियमच ते चालवत होते. इतक्या साध्या निरीक्षणातून एवढी मोठी गोष्ट उलगडली, याचे मला आजही अप्रूप वाटते.

उत्तर २ – संशोधक, पाषाण

सरांचे विवेचन सस्तन प्राण्यांच्या हृदयाला तंतोतंत लागू पडते. बेडकाच्या आलेखाला मात्र ते पुरेसे नाही. बेडकाच्या जवनिकेतील (हृदयाच्या रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्यातील) पेशींना टी-नलिका नसतात आणि त्यांचा अंतर्गत साठाही तुटपुंजा असतो, त्यामुळे तेथे आकुंचनाचे बहुतेक कॅल्शियम थेट बाहेरूनच येते. माणसाच्या हृदयात ठोका संपताना सुमारे ७० टक्के कॅल्शियम साठ्याच्या भिंतीवरचा सर्का पंप साठ्यात परत ओढतो आणि उरलेले बहुतेक सोडियम-कॅल्शियम विनिमयकातून (सोडियम आत घेऊन कॅल्शियम बाहेर टाकणाऱ्या प्रथिनातून) पेशीबाहेर जाते. उंदरात पंपाचा वाटा ९० टक्क्यांच्या वर असतो, म्हणून प्राणी कोणता हे आधी पाहावे.

प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. पण सस्तन प्राण्याच्या पेशीत साठा भरलेला असूनही ठोका पडत नाही, हे प्रत्यक्ष दाखवता येते का?

उत्तर २ – संशोधक, पाषाण

येते. सुट्या पेशीभोवतीचे द्रावण दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणात बदलून कॅल्शियम काढून घेतले, तर पुढच्या विद्युत्संदेशाला पेशी आकुंचन पावत नाही. त्याच पेशीवर लगेच कॅफीन सोडले, की रायनोडीन रिसेप्टर उघडतात आणि पेशी डोळ्यांदेखत आखडते.