वडिलांचं जुनं .३२ रिव्हॉल्व्हर ठेवू की नवं घेऊ? घाटाखाली दुरुस्तीवालाच नाही

कातळावरची बाग
देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. हंगामात रोख रक्कम घेऊन रात्री-अपरात्री ये-जा असते, म्हणून वडिलांनी पूर्वीच स्वसंरक्षणासाठी परवाना काढला होता. आता त्यांनी सत्तरी ओलांडली, हातही थरथरतो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सत्तरीनंतर वारसाकडे शस्त्र सोपवता येतं, तसा अर्ज केला आणि माझा परवाना झाला.

शस्त्र म्हणजे आपलं देशी .३२, सहा गोळ्यांचं, वरचा खटका दाबला की मधून मोडून उघडणारं. परवा कपाटातून काढलं. चामड्याच्या म्यानावर हिरवट बुरशी आणि गोळ्या भरायच्या चक्राच्या खाचांत तांबूस गंज. आमचाच हलगर्जीपणा, दोन पावसाळे ते म्यानातच पडून होतं. उघडून मिटवलं तर नळी किंचित हलते. कानाशी धरून हलवलं की बारीक ‘टिक टिक’ ऐकू येते.

हेच दुरुस्त करून घ्यावं, की विकून नवं, आटोपशीर घ्यावं? परवानाधारक दुरुस्तीवाल्यासाठी मला घाट चढून कोल्हापूर गाठावं लागतं. पावसात दरड कोसळली की तोही रस्ता बंद.

घाटपार
आयुष्यभर शस्त्रं खोलण्या-जोडण्यातच काम केलंय, म्हणून स्पष्ट सांगतो : जुनंच ठेवा. तुमच्या .३२ ची रचना मुळात ब्रिटिशांच्या वेब्ली मार्क फोर रिव्हॉल्व्हरवरून आलेली. जुना कारागीर ती डोळे मिटून खोलतो. बिजागिरीची खीळ झिजली तर जाड खीळ बसवता येते, खटका सैल झाला तर त्याचा दात भरून कानशीने जुळवता येतो, स्प्रिंगा बदलता येतात. नवं मॉडेल कितीही चांगलं असलं तरी त्याचा सुटा भाग मागवायचा तर कारखाना कानपूरला. भाग येईपर्यंत तुमचा आंबा पेटीत बसून वाशीला पोचलेला असेल.

आधी एवढं करा. रिव्हॉल्व्हर रिकामं आहे ना, दोनदा बघा. घोडा सावकाश मागे ओढा आणि चक्राला बोटाचा अगदी हलका अडथळा ठेवा. घोडा पूर्ण मागे जाऊन थांबेपर्यंत चक्र ‘टक’ करून पक्कं बसलं पाहिजे. सहाही घरांवर, म्हणजे चक्रात गोळी बसते त्या भोकांवर, हे करून बघा. एखाद्या घराला ते अर्धवट राहिलं, तर चक्र फिरवणारं बोट झिजलंय. हा दोष नळी हलण्यापेक्षा गंभीर. गोळी घरातून नळीत सरळ शिरत नाही, कडेला घासते आणि शिशाचे कण बाजूने उडतात.

लाटेकाठी
घाटपारांच्या अनुभवाला मान आहे, पण निष्कर्ष पटत नाही. मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरचा सगळा जोर बिजागिरी आणि वरचा खटका या दोनच जागांवर येतो. प्रत्येक फैरीने त्याच जागा झिजतात. म्हणजे जिथे दुरुस्तीवाला नाही, तिथे दुरुस्ती लागणारच असं यंत्र ठेवायचं. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेलं ‘प्रबल’ बघा : तेही .३२ च, पण त्याचं चक्र बाजूला उघडतं. सांगाडा एकसंध असल्यामुळे मधे सैल व्हायला सांधाच नाही. वजन सुमारे ७०० ग्रॅम. माझा सवाल साधा आहे. दुरुस्ती कोण करील हे नंतर, आधी दुरुस्तीची वेळ किती कमी येते ते बघायला नको का?

आणि आटोपशीरच हवं तर २०१४ चं ‘निर्भीक’ आहे, टायटॅनियम मिश्रधातूचं, जेमतेम ५०० ग्रॅम. टायटॅनियमला समुद्राचा वारा काही करत नाही.

घाटपार
सांगाडा गंजणार नाही, पण स्प्रिंग तर पोलादाचीच ना? शस्त्र बंद पडतं ते सांगाड्यामुळे नव्हे. रुपयाएवढ्या जागेत बसलेल्या स्प्रिंगमुळे, पिनेमुळे, आत घट्ट झालेल्या तेलामुळे पडतं. आणि बाजूला उघडणारं चक्र ज्या धातूच्या हातावर फिरतं तो नाजूक असतो. सिनेमातल्यासारखं मनगट झटकून चक्र बंद करायची सवय लागली की तो वाकतो, आणि मग कानशीने भागत नाही.

माडवाली
वजनाबद्दल कोणीच पुढचं बोललं नाही. शस्त्र जितकं हलकं तितका धक्का हाताला जास्त. .३२ ची गोळी सौम्य असते हे खरं, तरीही छोट्या मुठीचं हलकं रिव्हॉल्व्हर धरून सराव करायला लोक कंटाळतात. माझ्या काकांनी परवाना काढला, हौसेने शस्त्र घेतलं आणि दोन वर्षांत एकही गोळी झाडली नाही. त्या शस्त्राचा त्यांना काय आधार होता? कपाटात ते आहे एवढंच. घरात नातवंडं आली तेव्हा काकूने रोज किल्ली लपवायची, आणि तिची झोप उडाली ती उडालीच.

बागवाले, रोकडच कमी ठेवा. व्यापाऱ्याकडून रक्कम खात्यावर घ्या आणि रिव्हॉल्व्हर जमा करून टाका. मी मनापासून सांगतेय.

कातळावरची बाग
माडवाली, काळजीबद्दल आभार. पण मजुरांची मजुरी रोखच द्यावी लागते, बागेत जाणारी वाट दोन किलोमीटर निर्मनुष्य आहे. तिजोरी भिंतीत बसवली आहे, किल्ली माझ्याजवळ असते. गोळ्या वेगळ्या कप्प्यात. परवाना ठेवतोय ते विचार करूनच. सराव व्हायला हवा हे मात्र तुमचं अगदी खरं.

सड्यावरलो
माका इचारशात तर रिव्हॉल्व्हराचो नाद सोडा. बागेत माकडा येतत, डुकरा येतत, तेंका बारा बोअरचो आवाज पुरे.

कातळावरची बाग
बारा बोअर शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आहेच, चुलत्यांच्या नावावर. पण दुचाकीवर पैशांची पिशवी घेऊन जाताना लांब नळीची बंदूक खांद्याला लावून कसा जाऊ? दोन्ही गरजा वेगळ्या आहेत.

तिठा
एवढा खटाटोप कशाला? आमच्याकडे एक लेथवाला बोटीच्या इंजिनाचे पार्ट बनवतो. बिजागिरीची खीळ त्याला दाखवा, तासाभरात करून देईल.

घाटपार
असलं चुकूनही करू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमात शस्त्र बनवणं, विकणं यांच्याबरोबर दुरुस्त करणंही येतं, त्यालाही परवाना लागतो. लेथवाला अडकेल आणि तुमचा परवाना जाईल. शिवाय कोणतं पोलाद किती कडक हवं, हे इंजिनावरून कळत नाही.

लाटेकाठी
इथे पूर्ण सहमत. पण बघा, म्हणजे मग घाटच चढायचा. दरवेळी.

घाटपार
दरवेळी नाही, निगा राखली तर दोन-तीन वर्षांतून एकदा. निगा कशी, तेही सांगतो, कारण कोकणात शस्त्रं मरतात ती वापराने नव्हे, साठवणुकीने. चामड्याच्या म्यानात कधीही ठेवू नका. चामडं ओल धरतं, त्यातले कमावण्याचे क्षार पोलादाला खातात. आपला वारा आधीच मिठाचा. सुती कापडावर बंदुकीचं तेल घेऊन बाहेरून पातळ हात फिरवा, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, पुड्यांचा रंग बदलला की तव्यावर कोरड्या करा. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला डबा उघडा. बोट लागलं की पुसा, घामाच्या बोटाचा ठसा आठवड्यात तांबूस उमटतो.

गंज सोडवणारं पातळ स्प्रे-तेल भसाभस मारू नका. ते गोळीच्या तळाच्या टोपीत झिरपतं आणि ऐन वेळी नुसती ‘खट्’ होते. गोळ्यांजवळचे भाग कोरडे ठेवा. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या ‘केएफ’ शिक्क्याच्या गोळ्या असतील तर खोक्यावरची तारीख बघा, पितळेवर हिरवा थर चढलेल्या बाजूला काढा.

लाटेकाठी
हे सगळं नव्यालाही लागू आहे. मग नवं का नको?

घाटपार
लागू आहेच. पण चार वर्षांनी चूक झाली तर जुन्याची चूक सुधारणारा माणूस आज जिवंत आहे. नव्याचा कारागीर तयार व्हायला वेळ लागेल. तो तयार झाला की मीच सांगीन, घ्या म्हणून.

लाटेकाठी
आणि जुन्याचा कारागीर निवृत्त झाला तर? कोल्हापुरातही असे हात किती उरलेत? त्यांच्या भरवशावर पुढची वीस वर्षं काढायची नाहीत, बागवाले.

कातळावरची बाग
घरांची तपासणी आज केली. रिकामं आहे हे तीनदा पाहिलं. पाच घरं पक्की बसली, एक ढिलं. तिथे बोटाने हलवलं तर चक्र किंचित मागे फिरतं. वडील शेजारी बसून बघत होते. ते म्हणाले, “हे घर आधीपासूनच असं होतं, मी रिकामंच ठेवायचो.” मला हे कधी सांगितलं नव्हतं.

सोमवारी पहाटे निघतोय, परवाना आणि रिकामं शस्त्र घेऊन. दुरुस्तीवाल्याने चक्र फिरवणारं बोट बदलून सहाही घरं बसवली तर ठेवतो. नाही बसली तर लाटेकाठींचं ऐकतो, पण त्याच दुकानात विचारून की ‘प्रबल’ त्यांनी कधी खोललंय का.