बोलणे खेळाडूचे, करिश्मा पात्राचा. मग फासा नेमका कशासाठी?

चर्चाप्रस्ताव: निशाचर

डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळात प्रत्येक जण एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो आणि अवघड कृतींचा निकाल फाशावर लागतो. आमच्या टेबलावर मागच्या दोन सत्रांत जे घडले, त्यावरून हा प्रश्न मांडत आहे. पहिल्या सत्रात आमच्या योद्ध्याने किल्ल्याच्या पहारेकऱ्याला असे काही पटवले की गेम मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, फासा टाकायला न लावताच दरवाजा उघडून दिला. या योद्ध्याचा करिश्मा, म्हणजे इतरांवर छाप पाडण्याचा गुण, ८ आहे, त्यामुळे मॉडिफायर (फाशाच्या आकड्यात मिळवायचा अंक) उणे १; पण त्याला खेळवणारा मित्र मुळातच उत्तम वक्ता आहे. दुसऱ्या सत्रात बार्ड (जादू जाणणारा गायक-कवी) खेळणारा मित्र म्हणाला, "कैद्यांना सोडावे अशी मी सरदाराला विनंती करतो." त्याच्या बार्डचा करिश्मा १८, म्हणजे अधिक ४, शिवाय प्रावीण्याचे २. त्याला उत्तर मिळाले, "नुसते सांगू नकोस, बोलून दाखव." तो अडखळला आणि त्या अडखळण्यापायी लक्ष्यांक, म्हणजे यशासाठी गाठायचा आकडा, १५ वरून २० वर गेला. फाशावर ११ पडले, एकूण १७ झाले, आणि कैदी कोठडीतच राहिले.

पात्र तयार करताना या मित्राने करिश्म्याला १८ देण्यासाठी दुसरीकडे कमीपणा पत्करला होता. योद्धा खेळणाऱ्याने तो गुण टाकून देऊन ताकद आणि काटकपणा वाढवून घेतला आणि तरीही संवादात तोच सरस ठरला. ताकदीच्या चेकसाठी, म्हणजे फासा टाकून घ्यायच्या कसोटीसाठी, आपण कोणाही खेळाडूला टेबल उचलून दाखवायला लावत नाही. मग करिश्म्याच्या चेकसाठी भाषण का करून घेतो?

माझे मत असे आहे की मुद्दा खेळाडूने द्यावा आणि प्रभाव पात्राने पाडावा. कोणाकडे काय मागायचे आणि समोरच्याने ते का मान्य करावे, एवढे खेळाडूने साध्या शब्दांत सांगावे. लक्ष्यांक केवळ त्या कारणाच्या वजनावर ठरावा. आवाज, शब्दकळा, अभिनय यांचा आनंद सगळ्यांनी अवश्य घ्यावा, पण त्यांचा आकड्याशी संबंध नसावा.

दरवेशी

निशाचर, तुमच्या बार्डवर अन्याय झाला हे मान्य आहे, पण त्यावरचा तुमचा उपाय मला मान्य नाही. ताकदीची उपमा या वादात नेहमी दिली जाते आणि ती अपुरी आहे. लढाईत कुठे उभे राहायचे, आधी कोणावर वार करायचा, माघार कधी घ्यायची हे सर्व खेळाडूच स्वतःच्या अकलेने ठरवतो. त्यासाठी आपण बुद्धिमत्तेचा चेक मागत नाही. तलवार टेबलावर नसते, म्हणून तिच्या जागी फासा येतो. बोलणे मात्र टेबलावर प्रत्यक्ष घडत असते. या खेळात जी एकमेव गोष्ट कल्पनेतही आणि खरोखरही घडते, तिच्याही जागी फासा ठेवला तर मागे हिशेब तेवढा उरेल.

मुळात हा गुण वक्तृत्वासाठी नव्हताच. १९७४ च्या पहिल्या नियमांत तीन फाशांनी ३ ते १८ मध्ये करिश्मा ठरत असे आणि किती खास साथीदार पदरी ठेवता येतील व त्यांची निष्ठा किती, हे त्यावरून निघे. ३ असेल तर एक साथीदार आणि निष्ठेत २ ची घट. १८ असेल तर बारा साथीदार आणि निष्ठेत ४ ची भर. अंधाऱ्या भुयारात सगळे पळून जात असताना कोण मागे थांबेल, हा त्या आकड्याचा विषय होता. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने संवादाचे रूपांतर कौशल्यात केले आणि त्याचे पर्यवसान कशात झाले हे २००३ च्या सुधारित नियमांत दिसते: वैरभाव असलेल्या माणसाला तटस्थ करायला २५, थेट मदतनीस करायला ५०, आणि त्यासाठी लागणारा वेळ एक मिनिट. काय बोललात हे विचारण्याची गरजच उरली नाही. याला मी मंत्र म्हणतो, संवाद नव्हे.

मितभाषी

दरवेशी, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला, कारण तुम्ही ज्याला खेळाचा गाभा म्हणता तिथेच माझ्यासाठी दार बंद होते. मी लहानपणापासून तोतरी बोलते. चारचौघांत "कृपया" हा शब्द उच्चारायला मला कधी कधी इतका वेळ लागतो की समोरचा माणूस तो माझ्या वतीने पूर्ण करून टाकतो. या खेळात मी पहिल्यांदा अशी व्यक्ती झाले, जी दरबारात उभी राहिली की लोक गप्प होतात. माझ्या वॉरलॉकचा, म्हणजे माझ्या जादूगार पात्राचा, करिश्मा २० आहे आणि तो आकडा मला फार प्रिय आहे.

"बोलणे टेबलावर प्रत्यक्ष घडते" हे ज्याला बोलता येते त्याच्याबाबत खरे आहे. माझ्या टेबलावर प्रत्यक्ष घडते ते माझे अडखळणे, आणि माझे पात्र अडखळत नाही. मला काय म्हणायचे आहे ते मी नेमके सांगू शकते. त्याला मोहिनी पात्राने द्यावी एवढीच माझी मागणी आहे. निशाचर यांच्या पद्धतीत मला जागा आहे, तुमच्या पद्धतीत नाही.

कंदीलवाला

मी बरीच वर्षे गेम मास्टर म्हणून खेळ चालवत आहे आणि माझे दोन्ही बाजूंशी मतभेद आहेत.

दरवेशींनी २००३ चे कोष्टक दाखवले, पण पुढचे नियम त्यांनी सोडून दिले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या मार्गदर्शिकेत समोरच्या पात्राची वृत्ती आधी ठरते: मैत्रीची, तटस्थ किंवा वैराची. वैराची वृत्ती असेल तर २० गाठूनही ते पात्र तेवढेच करते, ज्यात त्याला धोका किंवा त्याग नाही. संभाषणातून त्याला काय प्रिय आहे हे ओळखून आधी वृत्ती बदलावी लागते. तिथे खेळाडूचे डोके लागते आणि आकडाही लागतो, त्यामुळे मंत्राचा आरोप या नियमांना लागू होत नाही.

निशाचर यांच्या मांडणीतली अडचण वेगळी आहे. प्रत्येक बोलणे चेक झाले की सर्वाधिक करिश्मा असलेलाच बोलतो आणि बाकीचे गप्प बसतात. पाचव्या आवृत्तीत बार्ड, सोर्सरर, वॉरलॉक आणि पॅलाडिन या चारही पात्रवर्गांचे मंत्र करिश्म्यावर चालतात, त्यामुळे गटात एक तरी मोठा आकडा सहसा असतोच. मग मुलाच्या खुनाबद्दल जाब विचारायलाही बापाऐवजी बार्ड पुढे जातो, कारण बापाचा मॉडिफायर उणे आहे. मी हे माझ्या टेबलावर घडताना पाहिले आहे आणि त्या दिवशी एक अतिशय चांगला प्रसंग वाया गेला.

मला १९८१ च्या बेसिक नियमांची पद्धत सर्वांत योग्य वाटते. अनोळखी प्राणी भेटला की दोन सहाबाजूंचे फासे टाकायचे: २ आले तर तत्काळ हल्ला, १२ आले तर उत्साहाने मैत्री, आणि मधल्या ६ ते ८ मध्ये प्राणी गोंधळलेला. करिश्म्याने यात जास्तीत जास्त २ ची भर किंवा घट होते. दोन अंक लहान वाटतील, पण एरवी छत्तीसपैकी एकदाच मिळणारी मैत्री १८ करिश्मा असेल तर छत्तीसपैकी सहा वेळा मिळते आणि तत्काळ हल्ल्याची शक्यता उरतच नाही. फासा आधी पडतो. समोरचा कोणत्या मनाने ऐकणार आहे ते तो ठरवतो आणि त्यानंतरचे बोलणे खेळाडूचे. उत्तम भाषणानंतर फाशावर १ पडून सगळे पाण्यात जाण्याचा प्रसंगच येत नाही.

दरवेशी

मितभाषी, तुमचा प्रतिसाद वाचून माझ्या मांडणीतला एक भाग मी मागे घेतो. अडखळण्याची शिक्षा लक्ष्यांकातून देणे चूकच आहे. बोलून दाखवण्याची सक्तीही करू नये.

तरीही निशाचर यांना एक प्रश्न विचारतो. गेम मास्टर कारणाचे वजन करणार म्हणता, पण कारण चांगले आहे हे कोण ठरवणार? ओघवते बोलणारा माणूस कारणही सुबकपणे मांडतो आणि ऐकणाऱ्यावर नकळत त्याचा परिणाम होतोच. शिवाय सरदाराला कशाची भीती वाटते हे ज्याने मागच्या सत्रात लक्ष देऊन ऐकले, त्याचे कारण अधिक नेमके असणार. म्हणजे खेळाडूचा वरचष्मा जिभेवरून बुद्धीवर गेला, एवढाच फरक पडला.

निशाचर

हो, तो बुद्धीवर गेला आणि तो तिथेच असावा असे माझे म्हणणे आहे. जीभ ऐन वेळी उसनी मिळत नाही. कारण शोधायला मात्र वेळ मागता येतो, टिपणे चाळता येतात, शेजारच्याशी कुजबुजता येते. लढाईतल्या डावपेचांबद्दल तुम्ही जे म्हणालात तेच मी संवादाबद्दल म्हणतो: डाव खेळाडूचा, वार पात्राचा.

मॅक्स वेबर या समाजशास्त्रज्ञाने करिश्म्याचा विचार करताना म्हटले आहे की त्याची सत्ता अनुयायांच्या मान्यतेवर उभी असते. लोकांनी मानले नाही तर ती उरत नाही. १९७४ चे साथीदारांचे कोष्टक आणि १९८१ चे दोन फासे दोन्ही याला धरूनच आहेत, कारण दोन्हीकडे आकडा ऐकणाऱ्याच्या मनाबद्दल बोलतो, बोलणाऱ्याच्या वाक्यांबद्दल नाही. म्हणूनच करिश्म्याला निव्वळ रूप समजणे मला कधी पटले नाही. १९८५ च्या पुरवणी ग्रंथात रूपासाठी सातवा वेगळा गुण आणावा लागला, तोही याच गल्लतीमुळे असावा.

कंदीलवाला यांचा बापाचा दाखला मला मान्य आहे. ज्याचे कारण त्याचेच असते, तिथे बार्ड बोलला तर कारणाचे वजन कमी धरावे आणि लक्ष्यांक चढवावा. बापासाठी १० आणि बार्डसाठी २० असेल, तर उणे १ असूनही बापच पुढे जाईल. फासा आधी टाकण्याची त्यांची पद्धत मात्र पहिल्या भेटीपुरती ठीक आहे. आमचा सरदार बार्डला तीन सत्रांपासून ओळखतो. त्याच्याशी रोज नव्याने भेट कशी होईल?

मितभाषी

निशाचर, तुमच्या बार्डसाठी एक उपयोगी गोष्ट सांगते. सत्राआधी मी एका कागदावर तीन वाक्ये लिहून ठेवते: मला काय हवे आहे, त्याला काय मिळेल, नाही म्हटले तर काय होईल. वेळ आली की कागद गेम मास्टरसमोर सरकवते आणि फासा हातात घेते. आमचा गेम मास्टर तो वाचून लक्ष्यांक सांगतो, आणि सरदार काय उत्तर देतो ते ऐकायला सगळे थांबलेले असतात.